छातीत डावीकडे टोचतं, ईसीजी नॉर्मल. पुढे काय तपासू?

वय 26, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम. काही आठवड्यांपासून छातीत डावीकडे, बरगडी मधल्या हाडाला मिळते तिथे टोचल्यासारखं दुखतं. बोटाने दाबलं की नेमकं तिथेच कळ येते. खोल श्वास घेतला, कूस बदलली की वाढते. जिने चढताना मात्र काहीच होत नाही. घाम, धाप, चक्कर, हातात किंवा जबड्यात कळ यातलंही काही नाही.

ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते बघणारी रक्ततपासणी), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. पॅन्टोप्राझोलने (अ‍ॅसिडिटीची गोळी) फरक पडला नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, बरगडीच्या कूर्चेला सूज आहे (कॉस्टोकॉन्ड्रायटिस), शेक घ्या. पटतं, पण रात्री दुखलं की झोप उडते. वडिलांची 48व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यामुळे आईही धास्तावली आहे.

सिगारेट-तंबाखू नाही, बीपी आणि साखर ठीक, कोलेस्टेरॉल अजून तपासलेलं नाही. अचानक छाती दाबल्यासारखं झालं तर वाट न बघता 108 ला फोन करायचा, हे घरात ठरलेलं आहे.

ज्यांना ही कूर्चेची सूज झाली होती, त्यांचं दुखणं किती दिवसांत थांबलं? फिजिओथेरपीचा उपयोग झाला का? आणि वडिलांचं बघता लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुरेल, की कार्डिओलॉजिस्टना दाखवून टीएमटीबद्दल (ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी) विचारू?