वाद्यांची अदलाबदल कुणी केलीये का?

प्रश्न (सांगली): सतार, तबला, पेटी असे आम्ही तिघं. नवं रेकॉर्डिंग अडलंय, एकमेकांचं ऐकणंच थांबलंय. आठवडाभर वाद्यं बदलून बसावं म्हणतोय. पण मिरजेची सतार दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजत नाही.

उत्तर: द्याच! मी तबलजी. आमच्या सतारवाल्यानं स्वतःच्या बोटातली मिजराब (तार छेडायची नखी) काढून माझ्या बोटात घातली. अर्ध्या तासात डाव्या तर्जनीवर तारेचा काळा वळ उठला. मी घाई केली की त्याची मींड (सुरावरून सुरावर सलग सरकणं) कशी तुटते, ते तेव्हा कळलं. त्याच रात्री लय उतरवली, नवी गत, म्हणजे सतारीवरची रचना, तिथंच सुचली.

दुसरं उत्तर: सतारीचा भोपळा तेवढा जपा, धक्क्यानं तडकतो. जवारी (तारा टेकतात त्या घोडीची घासून केलेली घडण) बिघडली तर मिरजेतल्या कारागिराकडेच न्या, घरी कानस लावू नका.

प्रश्नकर्ता: उद्याच देतो. तबल्याची हातोडी मी मागून घेतो.