मूठभरांनी बहुमत फिरवलेलं पाहिलंय? अनुभव लिहा

१९६९ साली सर्ज मॉस्कोविची या मानसशास्त्रज्ञाने सहा-सहा जणांच्या गटांना निळ्या स्लाइड दाखवल्या. प्रत्येक गटातले दोघे आधीच पढवलेले. ते दर वेळी ‘हिरवा’ म्हणाले तिथे बाकीच्यांची आठेक टक्के उत्तरं हिरवी आली. ते मध्येच निळ्यावर घसरले तिथे जेमतेम सव्वा टक्का. गोव्यात असं काही पाहिलंत का? वाड्यावरचं, सोसायटीतलं असेल तर आधी लिहा.

पेडणेकर
आमच्या वाड्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना बोलावत नसत. आई आणि तिच्या दोन जावांनी बोलवायचं ठरवलं. त्या वर्षी निम्म्या बायका फिरकल्याच नाहीत. आईने कुणाशी वाद घातला नाही. जी आली नाही तिच्या घरी वाण पोचवलं: स्टीलची वाटी, वर तीळगूळ. वर्षानुवर्षं हेच. सगळ्यात जास्त नाक मुरडणाऱ्या काकींचा जावई गेला, तेव्हा पुढच्या संक्रांतीला काकीच लेकीला घेऊन आल्या. आईने करंडा पुढे केला, तो काकींनी आपल्या हातात घेतला नि लेकीला स्वतः कुंकू लावलं. त्यानंतर कोण काय बोलणार? दोन घरं अजून अडून आहेत, ती असोत.

साखळीहून
वाण परत पाठवणारं कुणी निघालं नाही?

पेडणेकर
एक निघाली. दुसऱ्या दिवशी तीच वाटी शेवग्याच्या शेंगांसोबत पुन्हा गेली!

फोंड्याची
केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्याकडे घरोघरी एकच बोलणं, पोरांना नोकऱ्या लागतील. विरोध करणारे थोडे, तेही ‘विकासाचे वैरी’. पण ते एकच गोष्ट धरून बसले: पठारावर मुरलेलं पाणी खाली कुळागरांत, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांत उतरतं. झर कुठून येते हे बागाईतदाराला शिकवावं लागत नाही. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, लोक खवळले आणि प्रकल्प गेला. गोळीबाराने जनमत फिरलं असं म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. पाण्याचं आधीच गळी उतरलं होतं.

वास्कोकर
उलटंही होतं हो. आमच्या सोसायटीत तिघांनी ‘एकट्या मुलांना फ्लॅट भाड्याने नको’ असा धोशा लावला. दर मीटिंगला तेच तुणतुणं. हळूहळू, ज्यांना काही घेणंदेणं नव्हतं तेही तसंच बोलू लागले. ठामपणाला चांगलं-वाईट थोडंच कळतं?

मडगावहून
वास्कोकर, तेव्हा आडवं कुणीच आलं नाही? आमच्याकडेही हाच ठराव आला होता. एक निवृत्त मास्तर दर वेळी उठून म्हणायचे, “माझा विरोध इतिवृत्तात लिहा.” सेक्रेटरी वैतागायचा, पण लिहायचा. पुढे मास्तरांच्या नावाखाली आणखी नावं यायला लागली, त्यात सेक्रेटरीच्या बायकोचंही. ठराव अजून लटकलेलाच आहे.