मदत हवी आहे: युरिपिडीसच्या ‘बाक्खाय’मधली १३२९नंतरची गळालेली जागा

‘बाक्खाय’ या प्राचीन ग्रीक शोकांतिकेचं मराठी अभिवाचन बसवतो आहोत. अडलंय शेवटच्या प्रवेशात. १३२९व्या ओळीत उन्मादात स्वतःच्याच मुलाचे तुकडे केलेली अगावी वडिलांना, म्हणजे कॅडमसला, म्हणते, ‘बाबा, माझं सगळं कसं पालटलं बघा’, आणि लगेच १३३०मध्ये डायोनायसस हा देव कॅडमसला ‘तू सर्प होशील’ असं सांगतो. मधला तिचा विलाप आणि देवाचं प्रकट होणं हस्तलिखितातून गळालंय. ७५५नंतर एकच हस्तलिखित उरतं, त्यामुळे ताडून बघायला दुसरी सलग प्रतही नाही.

विलाप होता हे नक्की. तिसऱ्या शतकातला वक्तृत्वशास्त्रकार आप्सिनीस सांगतो की ती मुलाचा एकेक अवयव हातात घेऊन रडते. नाटकातला सर्वांत भयंकर क्षण हाच, तो वगळणं मनाला पटत नाही.

डॉड्स या अभ्यासकाने संपादित केलेल्या ‘बाक्खाय’ची १९६०ची दुसरी आवृत्ती पाहिली. ‘ख्रिस्तुस पाशियन्स’ या बायझंटाईन नाटकात ‘बाक्खाय’च्या ओळी उचलल्या आहेत, त्यांची आणि पपायरसच्या (प्राचीन लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रतींच्या) तुकड्यांची चर्चा तिथे आहे, पण मूळ ग्रीकमध्ये, आमच्यात ग्रीक कुणालाच येत नाही. इंग्रजी अनुवादांत कुणी तिथे नुसती टिंबं देतं, कुणी स्वतःची भर घालून सलग छापतं. रंगावृत्ती नकोत. ई-बुक चालेल, पण समासात मूळ ओळक्रमांक हवेत. मजकूर सरकला की ते निरुपयोगी होतात.

पपायरसमधलं, बायझंटाईन नाटकातून घेतलेलं आणि अनुवादकाचं स्वतःचं, हे तिन्ही कंसांनी किंवा टाइप बदलून वेगळं दाखवणारा इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद कोणता?