ह्या वर्षी तुम्हाला नव्यानं काय गावलं?

जालन्याचा गडी: वस्तू, ठिकाण, खाणं काहीही सांगा, आधी माहीत नव्हतं न आता सोडवत नाही असं. माझं म्हणजे आजीचा बिडाचा तवा, माळ्यावर गंजून पडलेला, चिंच लावून घासला, आठ दिवस तेल पाजलं, आता नॉनस्टिक कपाटात न धपाटे ह्याच्यावरच. मधी एकदा पोरानं साबणानं घासून ठेवला, परत पहिल्यापासून सुरू.

धाराशिवकर: तेर, आमच्या जिल्ह्यातलं जुनं गाव. गोरोबाकाकांच्या दर्शनाला लहानपणापासून जातोय पण लामतुरे संग्रहालयात औंदा पहिल्यांदा शिरलो. ती हस्तिदंताची बाहुली बघितली न गपच झालो, एवढीशी, पण केसांची ठेवण अन् दागिने बघा कसे कोरलेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल पार रोमपर्यंत जायचा अन् आपण देवळातनंच वापस! त्रिविक्रमाचं देऊळ पण सोडू नका, मूळचं विटांचं चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ, आहे ते.

लातूरची सून: माझी येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण. माहेर पुण्याचं, त्यामुळं वेळ अमावस्या फक्त कॅलेंडरवर बघितलेली. शेतात कडब्याच्या कोपीत (खोपटात) बसून भज्जी (बेसन लावलेली मिसळभाजी), उंडे (बाजरी-ज्वारीचे उकडलेले गोळे) न मडक्यातली गारेगार आंबील... तीन तांबे प्याले, मग झाडाखाली जी झोपले ते सासूबाईंनीच उठवलं.

जालन्याचा गडी: @लातूरची सून भज्जीची रेसिपी टाका की, आमच्याकडं नुसतं बेसन म्हणतेत त्याला 😄