'डिडन्ट'नंतर 'वेंट' का चालत नाही?

प्रश्न
सहावीची मुलं 'ही डिडन्ट वेंट' लिहितात. 'डिडनंतर मूळ रूप' हा नियम तोंडपाठ आहे, तरी पेपरात चूक होतेच. कशी घालवायची? शिवाय 'तो काल आला नव्हता' याचं 'ही हॅड नॉट कम' करतात, ते बरोबर का?

उत्तर १
चूक मराठीतून येते. 'तो गेला'चा नकार करताना आपण 'गेला' तसाच ठेवून पुढे 'नाही' लावतो. इंग्रजीत भूतकाळ 'डिड' उचलून नेतो आणि मागे नुसतं 'गो' उरतं. म्हणून नियम घोकून घेण्यापेक्षा फळ्यावर मधली पायरी लिहा: ही वेंट, ही डिड गो, ही डिड नॉट गो. मधलं वाक्य एरवी जोर द्यायलाच वापरतात, तेवढं सांगून ठेवा.

सरावाला 'रीड' घ्या. भूतकाळात स्पेलिंग तेच, उच्चार मात्र 'रेड'. मोठ्यानं वाचताना 'आय डिडन्ट रेड' ऐकू आलं की समजा, अजून कळलेलं नाही. 'कट', 'पुट' सुरुवातीला नकोत. रूप बदलतच नाही, त्यामुळे चूक लपते.

उत्तर २
'डिड' हेच मुख्य क्रियापद असलं की मुलं हमखास अडकतात. 'शी डिड हर होमवर्क'चं 'शी डिडन्ट हर होमवर्क' करतात. तिथे 'डू' हवंच: 'शी डिडन्ट डू हर होमवर्क'. तसंच 'आय हॅड टाइम'चं 'आय डिडन्ट हॅव टाइम'. 'वॉज', 'वेअर', 'कुड' यांना थेट 'नॉट' लागतं.

उत्तर ३
'नव्हता' दिसला की 'हॅड' लावू नका. 'काल' आहे, म्हणजे 'ही डिडन्ट कम येस्टर्डे' पुरे. 'हॅड'ला भूतकाळातलाच दुसरा क्षण लागतो: बस सुटली तोवर तो आला नव्हता, 'ही हॅडन्ट कम व्हेन द बस लेफ्ट'. उलट 'मी अजून जेवलो नाही' यात रूप भूतकाळाचं, पण 'अजून'मुळे 'आय हॅवन्ट ईटन येट'. अमेरिकेत बोलताना इथे 'डिडन्ट ईट येट'ही चालतं.

प्रश्नकर्ता
पायरीची युक्ती पटली. मग 'ही नेव्हर वेंट देअर' कसं चालतं? नकार तर आहे.

उत्तर १
'नेव्हर' स्वतःच नकार देतं, 'डिड'ला बोलावत नाही. भूतकाळ न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून 'वेंट' जागेवर राहतं.