मझल ब्रेकच्या आधी काडतूस आणि वजन

मर्यादित खर्चात कमी धक्क्याची (गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का) स्पर्धा-रायफल जुळवताना पहिला पैसा मझल ब्रेकवर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवून धक्का कमी करणाऱ्या उपकरणावर घालावा, असे सुचवले जाते. माझे मत थोडे निराळे आहे. धक्क्याचा निम्मा निकाल काडतूस निवडतानाच लागतो, कारण .३०८ विंचेस्टरच्या मानाने .२२३ रेमिंग्टनचा धक्का निम्म्याहूनही कमी असतो, आणि काडतूस स्वस्त असल्यामुळे सरावही अधिक होतो. त्यानंतर वजन: काडतूस तेच ठेवून रायफल ४ किलोंवरून ५ किलोंवर नेली, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी घटते, आणि दस्त्याच्या पोकळीत शिसे घट्ट बसवले की हे काम जवळपास फुकटात होते. (एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेतील एफ/टीआर प्रकारात दुपाईसह, म्हणजे रायफलीच्या दोन पायांच्या आधारासह, ८.२५ किलोंची मर्यादा आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.) ब्रेक परिणामकारक असतो, यात शंका नाही, पण तो वायू बाजूला फेकतो, त्यामुळे शेजारच्या नेमबाजाच्या कानठळ्या बसतात आणि एफ-क्लाससारख्या स्पर्धांत त्याला मज्जावच आहे.

भरवशाचे म्हणाल, तर माझ्या रायफलीचे गट (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचे पुंजके) एकदा अचानक पसरू लागले तेव्हा मी नवी दुर्बीण घ्यायला निघालो होतो. दोष निघाला तो दस्त्याच्या सैल झालेल्या पुढच्या स्क्रूमध्ये. टॉर्क पाना (स्क्रू ठरावीक जोराने आवळणारा पाना) आधी घ्यावा.