कालच्यापेक्षा आज : शाळेतील वाढीचे अनुभव

शिक्षण हक्क कायद्यानुसार महाराष्ट्रात 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतीपुस्तकात श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. मूल कालच्यापेक्षा किती पुढे आले, हे पाहण्याचा तो विचार आपल्या शाळेत कितपत उतरला, हे शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापकांनी येथे सविस्तर लिहावे.

प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा
‘प्रगती समाधानकारक’ ही नोंद पन्नास मुलांना लागू पडते, म्हणूनच ती एकाही मुलाच्या उपयोगाची नसते. माझ्या तिसरीच्या वर्गातील, घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्या एका मुलीविषयी मी लिहिले, ‘वाक्य सलग वाचते, जोडाक्षर आले की थांबते, दिवाळीपूर्वी सुट्या शब्दांवरच अडत होती.’ ही नोंद वाचून दाखवल्यावर तिच्या आईने प्रथमच श्रेणी न विचारता घरी काय वाचायला द्यावे, हे विचारले. वर्गातील भिंतीवरही आता केवळ सुवाच्य अक्षराचे कागद लागत नाहीत, तर प्रत्येक मुलाचे जूनमधील आणि अलीकडचे लेखन शेजारी शेजारी लागते, आणि मुले स्वतःच्याच दोन कागदांसमोर रेंगाळतात.

गणित शिक्षक, पाचवी
503 वजा 278 याचे उत्तर एका मुलाने 375 लिहिले. त्यावर फुली मारून पुढे जाता आले असते. परंतु नीट पाहिले तर त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, म्हणजे त्याला वजाबाकी येत होती, हातचा घेणे तेवढे समजले नव्हते. त्याच्या संमतीने ते गणित आम्ही फळ्यावर मांडले, आणि तीच अडचण असलेल्या कितीतरी मुलांनी हात वर केले. चुकीच्या उत्तरामागचा विचार शोधणे हे मला अध्यापनाचे सर्वांत मोलाचे काम वाटते.

मुख्याध्यापक
शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहावेत, असे ठरल्यावर सुरुवातीला सर्वांनी पाठ केलेला ‘आदर्श पाठ’च दाखवला, प्रश्नाआधी उत्तरे तयार असत. त्यामुळे जो घटक शिकवताना आपण अडखळतो, तोच दाखवावा, अशी विनंती मी केली आणि पहिला पाठ स्वतः घेतला. त्यानंतर शिक्षकांच्या बैठकीतील चर्चा खरी होऊ लागली.

पालक, दहावी
हे सारे मला मनापासून पटते. परंतु अकरावीचा प्रवेश गुणांवरच होतो, हेही तितकेच खरे आहे. आठवीपर्यंत नोंदींच्या आधारे वाढलेल्या मुलांना नववीत अचानक टक्क्यांनी मोजले जाते, तेव्हा शाळा त्यांना कसे सावरतात, हे माध्यमिक शिक्षकांनी अवश्य लिहावे.